अकराच्या खणातला गुरू

समईचा अर्धा खांब चिंचेने घासून सोन्यासारखा झाला होता आणि अर्धा अजून काळपट होता, तेवढ्यात ओट्यावरून सासूची हाक आली आणि पुष्पाला हातातली चिंच खाली ठेवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडायचा तर समई, तांब्या, निरांजन, घंटी सगळं आदल्या दिवशीच उजळून ठेवायचं ही पुष्पाची रीत. पण सासूची, म्हणजे बुधीबाईंची रीत त्याहून जुनी. बुधवारी जन्मली म्हणून आईबापांनी पोरीचं नाव बुधी ठेवलं, आणि तेव्हापासून मोठं काम म्हटलं की ते बुधवारीच. म्हैस घेतली ती बुधवारी, बोअर मारली ती बुधवारी, दोन्ही मुलांसाठी मुली बघायला गेल्या त्याही बुधवारी. त्यांची पत्रिका कुणी कधी मांडली नव्हती. विचारलं तर म्हणायच्या, "माझी पत्रिका माझ्या नावातच हाय. वेगळा कागद कशाला?"

"पुष्पा, भांडी राहू देत," बुधीबाई म्हणाल्या. "आजच्या आज तलासरीला जाऊन या दोघी जावा. दवे महाराजांकडून नवीन गाळ्याचा मुहूर्त काढून आणा. दोघींच्या पत्रिका न्या. पूजेला कोण बसवायचं ते पण विचारा. म्हणजे बसणार दक्षाच, पण विचारलेलं बरं."

"आणि बोर्डाचं काय ठरलं?"

"नितीन सांगून आलाय ना लाहू पेंटरला. परवा रंगवायला घेतो म्हणाला. दक्षा चिकू सेंटर."

पुष्पाने हात धुतले. चिंचेचा आंबटपणा बोटांच्या चिरांत झोंबला. चिरा नव्या नव्हत्या. चिकूच्या चिकाने तिची बोटं चार वर्षांत अशी झाली होती की जोगवा मागायला आलेली बाई एकदा म्हणाली, बाई, तुम्ही रंगारी आहात का.

डहाणूजवळ मसोलीत हे घर. पुष्पाचा नवरा नविन चिकूच्या वाडीत मुकादम, धाकटा दीर नितीन रिक्षा चालवायचा. नितीनची बायको दक्षा, ती तलासरीची. २०१४ च्या वैशाखात लग्न होऊन आली आणि त्याच दिवाळीला चारोटीला, हायवेच्या कडेला, घरच्यांनी चिकूचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, खाली क्रेट आणि क्रेटच्या मागे एक लाकडी स्टूल. ताजे चिकू, आणि पिशव्यांतून सुकवलेल्या चिकूच्या चकत्या. आता दुकान चाललं म्हणून तिथेच मागे शटरचा पक्का गाळा भाड्याने घेतला होता.

तर ते स्टूल. पुष्पाला त्या स्टुलावर बसायचं होतं. दागिने नको होते, गाळा नावावर नको होता. गल्ल्यावर बसावं, गाडी थांबली की भाव सांगावा, गिऱ्हाइकाच्या हातावर एक चकती ठेवून त्याच्या तोंडाकडे बघावं, एवढंच. आणि चार वर्षं त्या स्टुलावर दक्षा बसली होती. एकदा बोर्डावर नाव चढलं की मग ती तिथून उठायची नाही हे पुष्पाला स्वच्छ दिसत होतं.

यातलं खरं दुखणं वेगळंच होतं. दक्षाला त्या स्टुलावर बसवलं होतं पुष्पानेच.

दुकान टाकायचं ठरलं तेव्हा बुधीबाईंनी विचारलं होतं, "बसायचं कुणी? पुष्पा, तू शिकलेली हायस. बघ बरं दोघींच्या पत्रिकेत, कुणाच्या हाताला बरकत हाय." पुष्पा सातवी शिकलेली. महालक्ष्मीच्या यात्रेत घेतलेली एक चोपडी तिच्यापाशी होती, त्यात कुठल्या स्थानी कुठला ग्रह असला तर काय फळ ते ओळीने छापलेलं. तिने देव्हाऱ्याकडे पाठ करून ओट्यावर बैठक मारली, चष्मा लावला आणि आधी स्वतःची पत्रिका उघडली. तिचे वडील वाडीत कारकून होते, त्यांनी हौसेने मांडून घेतलेली. चौकोनात तिरक्या रेघा, बारा खण, खणाखणात आकडे आणि आकड्यांशेजारी ग्रहांची अक्षरं. गुरू बघायचा, कारण बरकत गुरूकडे. गुरू होता बारा आकड्याच्या खणात. चोपडीत बारावं स्थान काढलं. "बारावे स्थान व्ययाचे. येथे गुरू असता हाती आलेले टिकत नाही. जातकाने व्यापारात पडू नये."

मग दक्षाची पत्रिका. ती गुजराती अक्षरांतली, पण आकडे कळण्यासारखे, आणि डोक्यावर रेघ नसली तरी 'गु' ओळखू येतोच. तो होता अकराच्या खणात. चोपडी म्हणाली, "अकरावे स्थान लाभाचे. येथे गुरू असता सर्व मार्गांनी लाभ, मित्रपरिवार मोठा, व्यापारास बरकत."

पुष्पाला गाळून वाचता आलं असतं. पण पाठीशी देव्हारा होता, आणि देवाच्या पाठीमागेही ती कधी खोटं बोलली नव्हती. तिने दोन्ही फळं मोठ्याने, स्पष्ट वाचली. बुधीबाई म्हणाल्या, "मग झालं. दक्षा बसंल."

झालं ते तिथे संपलं असतं तर बरं होतं. पण त्या दिवसापासून घरात 'अकरावा गुरू' हा शब्दच होऊन बसला. बकरी हरवली आणि दक्षाला सापडली, अकरावा गुरू. गॅसचा नंबर लवकर लागला, अकरावा गुरू. बसस्टॉपवर पोचल्या पोचल्या एसटी आली तर नितीन म्हणायचा, "दक्षा बरोबर होती ना." पुष्पा एकटी असली की एसटी उशिरा यायची असं नव्हतं, पण ती यायची तेव्हा कुणी काही म्हणायचं नाही.

दक्षा बोलायला गोड. वापी-सुरतच्या गाड्या थांबल्या की, "आवो ने भाई, चाखीने जुओ," असं म्हणून हातावर चकती ठेवायची. माणसं दोन पिशव्या घ्यायला आलेली चार घेऊन जायची. एका घरून लग्नाची पत्रिका आली, वर पत्ता 'दक्षाभाभी चिकूवाले'. आणि सगळ्यात मोठी कळ म्हणजे लोक म्हणायचे, दक्षाभाभींच्या चकत्या. त्या चकत्या सोलायची पुष्पा, कापायची पुष्पा, जाळीवर पसरून चार दिवस ऊन दाखवायची पुष्पा, आणि कावळ्यांना हाकलायचीही पुष्पाच. दुकानावरून आलं की दक्षा मोठ्या मनाने सांगायची, "भाभी, आज एक बेन तुमच्या चकत्यांचं फार कौतुक करत होत्या." पुष्पा म्हणायची, "बरं." आणि रात्रीच्या भाकऱ्या जरा जोराने थापायची.

पुष्पा वाईट बाई नव्हती. तिला आपला जळफळाट कळायचा आणि त्याची लाजही वाटायची. गुरू सुधारावा म्हणून तिने चार वर्षं गुरुवार केले. पिवळं नेसली, चण्याच्या डाळीचा नैवेद्य, न्हाणीमागच्या केळीला पाणी आणि हळदकुंकू. केळीला चार वर्षांत चार घड आले. पुष्पाला स्टूल मिळालं नाही. मागल्या पावसाळ्यात दक्षाला ताप भरला तेव्हा पुष्पाने देवापुढे हात जोडून तिच्यासाठी प्रार्थना केली, मनापासून केली, आणि प्रार्थना करता करता मनात आलं की ताप उतरावा, पण जरा सावकाश उतरावा. मग स्वतःच दचकून तिने देव्हाऱ्यापुढे नाक घासलं. दक्षाच्या जागी चार दिवस बुधीबाईंनी नितीनला बसवलं. "बाराव्यावाली नको," म्हणाल्या. म्हणजे नाक घासलं तेही फुकटच.

तर त्या बुधवारी दोघी जावा तलासरीला निघाल्या. मसोलीहून नितीनच्या रिक्षाने चारोटी, तिथून शेअरची इको व्हॅन. इकोवाला चिमण, तो दक्षाला ओळखायचा. "दक्षाभाभी, तुम्ही पुढे बसा," म्हणाला. पुष्पा मागे, एका बाईची कोंबडीची पाटी आणि एका म्हाताऱ्याचा गुडघा यांच्यामध्ये. पुढच्या सीटवर दक्षाचा पदर वाऱ्यावर उडत होता. कोंबडीने वाटेत दोनदा पुष्पाच्या हाताला चोच मारली. पुष्पाला वाटलं, हिलाही माहीत असावं माझा बारावा.

तलासरीला उतरल्यावर दक्षा म्हणाली, "भाभी, तुम्ही दवेकाकांकडे बसा, मी आईला भेटून येते. कागद तुमच्याकडेच आहेत ना?" आणि माहेरच्या गल्लीत वळली. पुष्पाला नवल वाटलं. मुहूर्त हिच्या गाळ्याचा, नाव हिचं, आणि ही आत यायलाही तयार नाही.

दवे महाराज म्हातारे, कानात केस, अंगावर स्वेटर. मराठी बोलायचे, अडलं की गुजराती. मुहूर्ताचं ऐकून म्हणाले, "आत्ता कमुरता चालू आहे, सूर्य धनुराशीत. संक्रांतीआधी शुभकाम नको. संक्रांतीनंतर लगेचचा बुधवार चांगला आहे." पुष्पाला बरं वाटलं, सासू खूश होईल. मग तिने दोन्ही पत्रिका पुढे ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं, "पूजेला माझी जाऊच बसेल. तिचा गुरू अकराव्यात आहे. माझा बाराव्यात. तेवढा माझ्यावर काही उपाय असेल तर सांगा. गुरुवार चार वर्षं करतेच आहे."

दवे महाराजांनी पुष्पाची पत्रिका डोळ्यांजवळ धरली. "बाराव्यात कुणी सांगितला?"

"मीच बघितला. हा काय, बाराच्या खणात."

म्हाताऱ्याने बोटाने खण मोजले. मग पत्रिका उलटी करून तिच्यासमोर सरकवली. "बेन, हा बारा घराचा नंबर नाही. हा राशीचा नंबर. बारा म्हणजे मीन रास. घर कितवं ते लिहिलेलं नसतं, ते मोजायचं असतं. गल्लीत एखाद्या दारावर नाव लिहिलंय म्हणून ते गल्लीतलं कितवं घर हे कळतं का? तोंडापासून मोजावं लागतं. गल्लीचं तोंड म्हणजे हा वरचा मधला खण. हे लग्नस्थान. इथून एक."

पुष्पाने त्या खणावर बोट ठेवलं.

"तुम्ही कोणत्या वर्षीच्या? पंचाहत्तर? गुरू एका राशीत वर्षभर मुक्काम करतो. तुमच्या वर्गातल्या सगळ्या पोरींच्या पत्रिकेत तो ह्याच बारा आकड्यापाशी असणार. मग सगळ्यांनाच व्यय का?"

पुष्पाला तिच्या वर्गातली जानी आठवली. जानीने मुंबईला फ्लॅट घेतला होता. जानीचाही बाराच असणार. हे चार वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"मग माझा कितवा?"

"वरच्या खणात नऊ आहे. नऊ पहिलं, दहा दुसरं, अकरा तिसरं, बारा चौथं. गुरू चौथ्यात. आणि मीन ही गुरूची स्वतःची रास. म्हणजे पाहुणा नाही, मालक बसलाय घरात. फार छान पत्रिका आहे तुमची."

"चौथं म्हणजे कशाचं स्थान?"

"सुखाचं. घर, आई, जमीन, मनाची शांती."

मनाची शांती ऐकून पुष्पाला हसावं की रडावं कळेना. पण ते तिने बाजूला ठेवलं, कारण तिच्या काळजात दुसराच ढोल वाजायला लागला होता. तिने दक्षाची पत्रिका पुढे केली. "आणि हिचा?"

दवे महाराजांनी ती नीट बघितलीही नाही. "ही मीच मांडलेली. वरती बारा. बारा पहिलं, एक दुसरं, असं फिरत गेलं की अकरा शेवटचं. गुरू बाराव्यात. व्ययात."

"व्ययात."

"बारावं वाईटच असतं असं नाही हं. दान, तीर्थ, लांबचा प्रवास, सगळं तिथलंच. पण तिच्या घरच्यांनी तेवढा एक शब्द उचलला. मी तर तिला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, समोर बसवून."

पुष्पाने पत्रिकांची घडी घातली, दक्षिणा ठेवली, पाया पडली. बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. अकरावा गुरू म्हणे. बकरी म्हणे. एसटी म्हणे. आणि सगळ्यात वरती हे की हिला माहीत होतं. चार वर्षं ही त्या स्टुलावर बसली ती माहीत असून बसली. आता घरी गेल्या गेल्या सासूपुढे दोन्ही कागद पसरायचे आणि बोट ठेवून मोजून दाखवायचं. बारा पहिलं, एक दुसरं. म्हातारीला आकडे कळत नव्हते, पण बोटं कळत होती.

दक्षा आली ती वालाच्या पापडीची पिशवी घेऊन. तिने पुष्पाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. परतीच्या इकोत ती न सांगता मागे बसली.

चारोटीला उतरल्या तेव्हा चार वाजले होते. नितीन भाडं घेऊन कासा गावाला गेला होता, यायला अर्धा तास. दोघी आपल्या दुकानापाशी गेल्या. आज दुकान बंद, ताडपत्री खाली सोडलेली. दक्षाने ती वर केली, पदराने स्टूल पुसलं आणि सवयीने बसली. पुष्पा क्रेटच्या पुढे, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिली. मग तिने तोंड उघडलं.

"तुझा गुरू बाराव्यात आहे."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो भाभी."

"आणि मी ओट्यावर बसून वाचत होते तेव्हा तू गप्प बसलीस."

हायवेवरून एक कंटेनर गेला, ताडपत्री फडफडली. दक्षा पापडीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "भाभी, माहेरी मला पनवती म्हणायचे," ती म्हणाली. "माझं एक ठरलेलं मोडलं. त्याच वर्षी बापू गेले. दवेकाकांनी व्यय म्हटल्यापासून आई मला कुणाची ओटी भरायलासुद्धा पुढे पाठवायची नाही. अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत घरी बसले. तुमच्याकडे आले, तर तुम्ही चष्मा लावून वाचलंत, अकरा, लाभ. मी म्हटलं, हे घर वेगळं आहे. इथे वाचतातही वेगळं."

"चुकीचं वाचलं मी."

"मला काय माहीत? मला वाटलं मराठीत तसंच मोजत असतील." ती जराशी हसली. "पहिले आठ दिवस रोज वाटायचं, आज तुम्हाला कळणार, आज उठवणार मला. मग भीतीने मी गिऱ्हाइकाला जास्तच हाका मारायची. गाडी थांबली नाही तर लाभ कसा दिसणार?"

"म्हणजे माझ्या चुकीवर बसलीस तू चार वर्षं. आणि मी घरात चिकात हात काळे करत बसले."

"बसले. खोटं नाही सांगत. पण भाभी, पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी, असं करू का म्हणून. आठवतं का? तुम्ही म्हणालात, माझ्या नशिबात नाही, तूच बस. त्यानंतर तुम्ही तोंडाने कधी म्हणाला नाहीत की मला बसायचंय. मीही मग नाही विचारलं दुसऱ्यांदा. बसायला छान वाटत होतं."

पुष्पाला आठवत होतं. ते वाक्य बोलताना आपण किती सोशिक दिसतोय हेही तिला तेव्हा जाणवलं होतं. आतून चडफडत होती आणि तोंडाने त्यागाची भाषा बोलत होती. राग कमी झाला नाही, पण तो नेमका कुणावर टाकायचा याची पंचाईत झाली.

"आईंना सांगणार का?" दक्षाने विचारलं.

"सांगणार तर."

"बरं," दक्षा म्हणाली, आणि स्टुलावरून उठली. पुष्पाला ते स्टूल तेव्हा रिकामं मिळालं. ती बसली नाही. असं उठवून मिळालेल्या जागेवर बसायला कसंतरी वाटलं, आणि नितीनच्या रिक्षाचा हॉर्नही वाजला.

घरी पोचल्या तेव्हा बुधीबाई ओट्यावर वाटच बघत होत्या. नविनही वाडीतून आला होता. दक्षा पापडीच्या शिरा काढत भिंतीशी बसली, नितीन दारात टेकला.

"काय म्हणाले महाराज?"

"संक्रांत झाली की लगेचचा बुधवार," पुष्पा म्हणाली.

"बघ. बुधवारच." म्हातारीचं तोंड फुललं. "आणि गुरूचं? दक्षाचा अकरावाच ना? त्यांनी पण बघितला ना कागद?"

पापडी मोडायचा आवाज थांबला. पुष्पाच्या हातात दोन्ही पत्रिका होत्या. वाटभर तिने हे वाक्य जुळवलं होतं, बारा पहिलं, एक दुसरं, बोट कसं फिरवायचं तेसुद्धा. ते बोललं की संपलं. उद्यापासून घरात दक्षाला काय म्हणतील तेही तिला ऐकू आलं. बाराव्यावाली. तो शब्द चार वर्षं तिच्याच अंगावर होता, त्याचं वजन तिला नेमकं माहीत होतं. दक्षाच्या अंगावर तो पडावा असं तिला वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. वाटलं. चांगलं वाटलं. पण त्याच्या मागोमाग दुसरं एक सुचलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं. आज आपण मोजून दाखवलं तर म्हातारी आपल्याला स्टुलावर बसवेल, पण ती गुरूला बसवेल. पुष्पाला नाही. उद्या दुसरा कुणी जोशी आणखी वेगळं मोजेल आणि पुन्हा उठवेल.

उद्या घट मांडायचा होता. खोटं बोलायची सोय नव्हती.

"आकडा अकराच आहे, आई," पुष्पा म्हणाली.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. दक्षाने मान वर केली नाही. थोड्या वेळाने पापडी मोडायचा आवाज परत सुरू झाला.

"मग झालं तर. दक्षा बसंल, आणि बोर्ड..."

"नाही," पुष्पा म्हणाली. "सोमवार, मंगळवार, बुधवार गल्ल्यावर मी बसणार."

नविनने बायकोकडे पाहिलं. बुधीबाईंनी हात कानामागे नेला, ऐकू आलं नाही अशा थाटात. "पण तुझा तर बारावा ना?"

"बारावा असू दे नाहीतर पंचविसावा असू दे. मला बसायचंय."

"मंग चार वर्षं तोंड शिवलं होतं का गं?"

"होतं," पुष्पा म्हणाली.

म्हातारी दक्षाकडे वळली. "तुला चालंल?"

"चालेल की. ते तीन दिवस चकत्या मी करीन," दक्षा म्हणाली. "मलापण जरा सावलीत बसू द्या. हायवेच्या धुळीने घसा गेलाय."

"पातळ काप," पुष्पा लगेच म्हणाली. "जाड कापलंस तर वाळत नाहीत, गिऱ्हाइकाला कळतं." आणि बोलता बोलताच तिच्या मनात आलं, हिने आपल्यापेक्षा पातळ कापल्या तर? हिचा हात हलका आहे. चार दिवसांत लोक म्हणायला लागतील, आताशा चकत्या जास्त छान लागतात. पुष्पाने मनातल्या मनात देवाला हात जोडले. आता हे नवीन नको, म्हणाली. पण ते गेलं नाही, तिथेच बसून राहिलं.

"मग बोर्डावर दोघींची नावं घाला," नविन म्हणाला.

"आधी कुणाचं?" नितीनने विचारलं.

दोघी जावांपैकी कुणीच बोललं नाही. न बोलण्यातही दोघींनी इतका जोर लावला की बुधीबाईंना हसू आलं. "कुणाचंच नको. देवीचं घाला. महालक्ष्मी चिकू सेंटर."

"आई, चारोटीला त्या नावाची सात दुकानं आहेत."

"मग हे आठवं."

नितीन लाहूला फोन लावायला अंगणात गेला. नविन आंघोळीला उठला. पुष्पाने दोन्ही पत्रिका ट्रंकेत ठेवल्या, आपली वर आणि दक्षाची खाली, मग एक क्षण थांबून तशाच राहू दिल्या. बाहेर येऊन ती दक्षासमोर बसली आणि पिशवीतली मूठभर पापडी पुढ्यात ओढली.

"सोमवारी मी एकटी जाईन दुकानावर," ती म्हणाली. "गाळ्याला कुलूप आहे ना? माल आतच ठेवलाय?"

"आतच. पण चावी एकच आहे, भाभी, माझ्याकडे." दक्षाने कमरेची चावी काढून पुढे धरली.

"दोन पाहिजेत," पुष्पा म्हणाली, आणि चावी घेतली. उद्या घट मांडून झाला की तिला डहाणू रोडला, स्टेशनाजवळच्या चावीवाल्याकडे जायचं होतं, गाळ्याची दुसरी चावी करून आणायला.